झाडे : नाही

माझा स्वभाव तिखट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. धरणावरून जाणाऱ्या माणसाने वाकून एक रोप उपटलं नाही तर मी मागून हाक मारते, मग तो कितीही घाईत असो. एकदा एका नवरदेवाला मी असंच परत बोलावलं होतं. नव्या बुटांना चिखल लागू न देता तो कसाबसा वाकला, रोप उपटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, लग्नाच्या दिवशीही सूट नाही म्हणायची. मी म्हटलं, नाही. त्याची नवरी मात्र हसली आणि तिने न सांगता दोन उपटली.

आमचं धरण मातीचं आहे. लांबी बाबांच्या पावलांनी तीनशे बारा, उंची तीन मजली घराएवढी. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला गवताचा उतार. वरच्या टेकड्यांतून पाणी येतं, इथे विसावतं, आणि दाराचं चाक फिरवलं की कालव्यातून पाळीपाळीने खाली जातं. एक दिवस वरच्या वस्तीला, एक दिवस बागांना, एक दिवस पार शेवटच्या नर्सरीला. जे कालव्यात जात नाही ते गुपचूप जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना लागतं. धरणाशी आपला काय संबंध म्हणणारा माणूसही सकाळी धरणाच्याच पाण्याने तोंड धूत असतो, हे मी बऱ्याच जणांना तोंडावर सांगितलेलं आहे.

मातीच्या धरणाला दोन भीती. एक, पाणी डोक्यावरून जाण्याची. त्यासाठी बाजूला सांडवा काढलेला आहे. दुसरी, पाणी पोटातून जाण्याची; त्यासाठी राखणदार असतो. आधी बाबा होते, आता मी आहे. झाडाची मुळं भरावात शिरली की पाण्याला त्यांच्या कडेने वाट सापडते, आणि पाणी एकटं जात नाही, जाताना थोडी थोडी माती घेऊन जातं. म्हणून धरणावर झाड वाढू द्यायचं नाही. जो वरून जाईल त्याने एक रोप उपटायचं, ही पद्धत बाबांनीच पाडली. शाळेला जाणाऱ्या मुली तर कुणाचं मूळ लांब यावरून रोज भांडतात.

आणि तरी धरणाच्या बरोबर मधोमध, गवताच्या उतारावर, एक झाड उभं होतं.

त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पानं लहान, फिकट, आणि वारा नसतानाही हलायची. सगळे त्याला वळसा घालून जायचे. ज्या माणसाने बोटभर रोपासाठी लोकांना परत बोलावलं, त्याने हे ठेवलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं जो तो समजायचा. कारण मला ठाऊक होतं. आई आजारी होती त्या वर्षी ती सकाळी उतारावर येऊन बसायची, आणि बाबा तिच्या आजूबाजूची रोपं उपटत तिच्याशी बोलायचे. एक दिवस एका रोपावर तिने तळवा ठेवला. म्हणाली, हे उद्या काढा. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली. तो त्यांचा खेळच झाला. बाबा हात पुढे करायचे, ती तळवा ठेवायची. मग एका सकाळी ती आली नाही, आणि ते रोप काढायचं राहिलं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती. त्यातली शेवटची दोन वर्षं बाबांचं मन एका जागी थांबत नव्हतं. काल आणि आज त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळून जायचे. सकाळी ते चौकीच्या खिडकीत बसायचे. धरणाच्या टोकाला दोन खोल्यांची आमची चौकी आहे, तिच्या खिडकीतून ते झाड नेमकं दिसायचं. थोड्या वेळाने ते हात हलवायचे. मग मला म्हणायचे, आई आज लवकर आली बघ, गवत ओलं आहे, तिला उशी नेऊन दे. सुरुवातीला मी त्यांना खरं सांगायचे. तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. चौथ्या वेळेस मी उशी उचलली, झाडापर्यंत गेले, खाली ठेवली आणि आले. तेव्हापासून मी रोज उशी नेऊ लागले. तिखट माणसालाही काही गोष्टी जमत नाहीत.

आता पाझराचं सांगते. धरणाच्या पायथ्याशी एक बारीक पाझर आहे. प्रत्येक मातीच्या धरणाला असतो, त्याने घाबरायचं नसतं. रोज सकाळी तिथे काचेची बरणी धरायची आणि भरेपर्यंत आकडे मोजायचे. चाळीसच्या आसपास भरली की ठीक. मग त्या दिवसाचं कॅलेंडरचं पान फाडून जमिनीवर ठेवायचं, त्यावर बरणी ठेवायची आणि वरून पाहायचं. पाण्यातून तारीख वाचता आली की पाणी निवळ. हे बाबांचं यंत्र. पाटबंधारे ऑफिसने एकदा खरं यंत्र पाठवलं होतं, ते अजून खोक्यात आहे.

त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं. अशा दिवसांत सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि धरणाची कड दिसेनाशी होते. चालताना आपण पाण्यावरून चाललोय की आभाळातून, काही कळत नाही. पावलांचा आवाजसुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटतो. अशाच एका सकाळी मी बरणी धरली आणि ती अठ्ठाविसाला भरली. मला वाटलं मी हळू मोजलं. पुन्हा धरली, पुन्हा अठ्ठावीस. पानावर ठेवली, वाकले, तर तारीख नव्हती. दुधाळ, तांबूस पाण्याखाली नुसता कागद होता. पाझराची जागा मी पायाने चाचपली. ती झाडाच्या नेमकी खाली होती.

त्या वेळी काय करायला हवं होतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. ऑफिसला फोन करायचा, आणि झाड काढायचं. पण वर मान केली तर खिडकीत बाबा हात हलवत होते, आणि तो हात माझ्यासाठी नव्हता.

मी बरणी घरी आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून चहा टाकला. चहा होईपर्यंत गाळ खाली बसला. बरणी न हलवता अलगद उचलून मी पानावर ठेवली, तिरकं पाहिलं, तारखेची एक कड दिसल्यासारखी वाटली. रजिस्टरात लिहिलं : पाणी निवळ. अक्षर रोजच्यासारखंच नीट आलं, याची मला आजही लाज वाटते. मनात म्हटलं, कदाचित उद्या आपोआप साफ होईल. दुसऱ्या दिवशी तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. दिवसभर खालून जाणारी माणसं बघत राहायचे. शाळेच्या मुली, सायकलवरचा पोस्टमन, नर्सरीवाले काका. ही सगळी माणसं माझ्या एका शब्दाच्या भरवशावर धरणाखाली राहतात, आणि तो शब्द मी चहाच्या पातेल्याशेजारी तयार करते. तरी नऊ दिवस ढकलले.

दहाव्या दिवशी मी बरणी पानावर ठेवली आणि पेन उघडलं, तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"बरणी हलव."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"पोरी, बरणी हलव."

मी हलवली. गाळ वर उसळला आणि तारीख गेली. बाबा खुर्चीतून उठून टेबलापाशी आले होते. त्यांचे डोळे पूर्वीसारखे होते, म्हणजे माझ्याकडे बघत होते.

किती दिवस, त्यांनी विचारलं. दहा, मी म्हटलं. किती आकड्याला भरते? अठ्ठाविसाला. झाडाच्या खालीच ना? मी मान हलवली. मला वाटलं आता ते रागावतील, आणि खरं सांगते, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि पानं मागे उलटायला लागले. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून वाचत गेले. झाडे : नाही. झाडे : नाही. आधी माझं अक्षर होतं, मग त्यांचं सुरू झालं. ते संपल्यावर त्यांनी कपाटातून आधीचं रजिस्टर काढायला लावलं. तिथेही तेच. रोज सकाळी त्या झाडाला वळसा घालून घरी यायचं आणि झाड नाही असं लिहायचं. त्यांनीही केलं, मीही केलं, आणि दोघांनाही त्यात काही खोटं लिहितोय असं कधी वाटलं नाही.

"तुझे दहा दिवस," बाबा म्हणाले, "माझी एकोणीस वर्षं. फोन लाव."

मी फोन लावला. दुपारपर्यंत इंजिनीअर बाई आल्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला मऊ. त्यांनी पाझर पाहिला, झाड पाहिलं, आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. काय करायचं ते त्यांनी समजावलं. पाणी अर्ध्यावर आणायचं. झाड तोडायचं, पण तोडून भागत नाही, मूळ आत राहिलं तर कुजून त्याची नळी होते. तेव्हा शेवटच्या मुळापर्यंत खणायचं, आणि खड्डा चिकणमातीने वीतभर जाडीच्या थरांनी तुडवत भरायचा. हे सगळं ऐकून बाबा मान डोलावत होते. संध्याकाळी मी दिवा लावला तेव्हा ते खिडकीत होते. मला म्हणाले, आई अजून बाहेर बसली आहे का ग, गार पडलंय, तिला आत बोलाव.

म्हणजे सकाळचं सगळं पुसलं गेलं होतं. निर्णय त्यांनी घेतला आणि विसरून गेले, आणि आता तो माझ्या एकटीच्या गळ्यात होता. झाड गेल्यावर सकाळी हात कुणाला हलवतील, मी उशी कुठे नेऊन ठेवू, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना धरणावर बोलावून मी माझी चूक आधी सांगितली. अर्धं पाणी सोडायचं म्हणजे पुढच्या मोसमात कालवा कोरडा राहणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. नर्सरीवाले काका शेवटच्या टोकाचे, त्यांची चार हजार रोपं. ज्यादा पाणी ओढतात म्हणून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडले आहे. त्यांनी पाण्यापाशी जाऊन पातळीचा अंदाज घेतला. मग म्हणाले, विहिरीतून झारीने घालू, हात आहेत. आणि मला म्हणाले, तुझं भांडण तेवढं चालू ठेव, नाहीतर काळजी वाटते.

मी चाक फिरवलं. बारा दिवस पाणी उतरत होतं. उतरता उतरता तळ वर यायला लागला, आणि ते बघायला मी दिवसातून दहा वेळा जायचे. पाण्याखाली गेलेला जुना रस्ता आला, दोन्ही कडेचे दगड तसेच. एक भिंत आली, तिच्यात एक खिडकी, आणि त्या खिडकीतून आरपार आभाळ. कुणाची तरी वल्ही, एक चप्पल, शिंपल्यांचा पांढरा पट्टा. ऊन पडलं की ओला गाळ चमकायचा आणि सगळा तळ आत्ताच झोपेतून उठल्यासारखा दिसायचा. बाबा म्हणाले, मला तिथे घेऊन चल. मी हाताला धरून नेलं. मला वाटलं अडखळतील, पण त्यांच्या पायांना तो रस्ता पाठ होता. मीच घसरत होते आणि ते मला सावरत होते.

आतून धरण किती उंच दिसतं. बाबा थांबले आणि भरावाकडे बघत राहिले. मग हळूहळू सांगायला लागले. धरण बांधलं तेव्हा तुडवायला यंत्र नव्हतं. एक थर माती पडली की बायका रांगेने हातात हात घालून ती पायांनी तुडवायच्या, आणि मोजायला एक जण उभा असायचा. तो जण म्हणजे बाबा. शंभर पावलं झाली की ते थांबा म्हणायचे. रांगेत एक मुलगी होती, ती एकशे एकावं पाऊल टाकल्याशिवाय थांबायची नाही. ते रागवायचे, ती पुन्हा टाकायची. तीच पुढे माझी आई झाली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. घरी आलो, आणि खिडकीत बसल्यावर त्यांनी हात हलवला.

झाड काढायच्या दिवशी मी त्यांना काकांकडे पाठवायचं ठरवलं होतं. ते गेले नाहीत. खुर्ची घेऊन धरणाच्या टोकाला बसले. करवत लागली आणि अर्ध्या तासात झाड आडवं झालं. एकोणीस वर्षं आणि अर्धा तास. बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ऊन आलं, तिला सावलीत बसायला सांग. मी हो म्हटलं, चौकीच्या मागे गेले, आणि भिंतीला डोकं टेकून मनसोक्त रडले. मग तोंड धुऊन परत आले आणि खणणाऱ्यांवर उगाच खेकसले.

मूळ चार दिवस निघत होतं. मनगटाएवढं जाड, सरळ पाझराकडे गेलेलं, टोकाला केसांसारखी ओली झालर. त्याच्या बाजूला पोकळी होती. इंजिनीअर बाई म्हणाल्या, हात घालून बघा. मी घातला. कोपरापर्यंत हात धरणाच्या आत गेला आणि बोटांना गार ओल लागली. आत सगळं शांत होतं. मला नऊ वेळा लिहिलेला ‘निवळ’ हा शब्द आठवला आणि मी हात पटकन बाहेर काढला.

भरायला कुंभाराने त्याची सगळी चिकणमाती दिली. वीतभर थर टाकायचा आणि तुडवायचा. जाणारा-येणारा जो असेल तो चपला काढून खड्ड्यात उतरायचा. नवरदेवही एकदा बायकोला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी बाबा उठले, बूट काढून नीट शेजारी शेजारी ठेवले, आणि माझा हात धरून खाली उतरले. आम्ही रांगेत उभे राहिलो आणि ते मोजायला लागले. आवाज खणखणीत होता. शंभरला सगळे थांबले. बाबांनी आणखी एक पाऊल टाकलं.

पुढचा मोसम कोरडाच गेला. काकांची निम्मी रोपं जगली. बाबा खिडकीत बसायचे, पण हात हलवायचे नाहीत. उताराकडे बघायचे आणि उशी मांडीवर घेऊन तशीच धरून ठेवायचे. एक दिवस म्हणाले, दिसत नाही ग आज. मग ते रोज तेवढंच म्हणायचे, आणि मला वाटायचं, मी धरण वाचवलं आणि त्यांच्याकडचं होतं नव्हतं ते घेतलं.

मग टेकड्यांतून पाणी आलं आणि धरण पुन्हा चढलं. पहिल्यांदा पूर्ण भरलं त्या सकाळी मी बाबांना सोबत घेतलं. त्यांना झाडाची जागा दाखवायची मला भीती वाटत होती, पण एकटीने बरणी धरायची त्याहून जास्त. धुकं होतं. आम्ही हळूहळू चाललो. ते मनात पावलं मोजत होते, ओठ हलत होते. एकशे छप्पनला ते थांबले. मधोमध. नव्या मातीवर कोवळं गवत आलं होतं, आणि त्यात एक रोप होतं. बोटभर. पानं लहान, फिकट, वारा नसताना हलणारी.

बाबा वाकले. त्यांचा हात पुढे गेला आणि मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी खाली बसले आणि त्या रोपावर तळवा ठेवला.

"राहू दे बाबा," मी म्हटलं. "उद्या काढू."

ते थांबले. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळवा अलगद बाजूला केला.

"तीही असंच म्हणाली होती," ते म्हणाले, "आणि गेली. मी तिचं ऐकलं. हे आजच काढायचं. तिची पावलं आहेत आत."

आणि त्यांनी ते उपटलं. मूळ लांब होतं, शाळेच्या मुलींनी भांडावं इतकं. माती झटकून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण हे रडणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं नव्हतं. मीही रडले. मग आम्ही खाली पायथ्याशी उतरलो. मी बरणी धरली आणि त्यांनी मोजलं. एकेचाळीस. मी पान फाडून जमिनीवर ठेवलं, बरणी हलवली, दोनदा हलवली, आणि त्यावर ठेवली. बाबा गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि पाण्यातून त्यांनी आजची तारीख वाचली.